ट्रॉली खिडकीकडे जाते

लॅबचे काका रजेवर गेले, तेव्हा कुठे मॅडमना कळलं की ही फिजिक्सची लॅब काकांच्या जिवावर चालते. बाकी सगळे नुसते मिरवणारे! रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन काका प्रत्येक टेबलावरचा ट्रॅक सपाट करून ठेवायचे. ट्रॅक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी. तिच्यावर छोट्या चाकांची ट्रॉली, ट्रॉलीला दोरा, दोरा कप्पीवरून खाली आणि टोकाला वजन. वजन खाली जातं, ट्रॉली पळते, पोरं वेळ मोजतात. वजन लावलं नसेल तर मात्र ट्रॉलीने जागेवर गप्प उभं राहायचं. नाही राहिली, तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

मॅडमनी वजन काढून ट्रॉली ट्रॅकवर ठेवली. ती जरा थांबली आणि हळूच खिडकीकडे निघाली.

"मॅडम, हिला घरी जायचंय," बॅचमधली एक तोंडाळ मुलगी म्हणाली. सगळे हसले. मॅडमही हसल्या.

ट्रॅकच्या पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायला त्या वाकल्या, तर तिथे आधीच पुठ्ठ्यांची चळत. तळाचे तुकडे जुने, पिवळे पडलेले, वरचे कोरे करकरीत. शेजारच्या टेबलावर तेच, पलीकडेही तेच. आणि सगळ्या चळती खिडकीच्या बाजूला. 'काय हा काकांचा कारभार!' असं पुटपुटत त्यांनी प्रत्येक ठिकाणी एकेक तुकडा आणखी घातला. ट्रॉल्या शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या.

दुपारची बॅच आली आणि ट्रॉली पुन्हा खिडकीकडे निघाली.

"टेबलाला कोणी हात लावला?" मॅडम कडाडल्या.

"शप्पथ नाही, मॅडम! आम्ही तर आत्ता आलो."

मॅडमनी ट्रॅक उचलला आणि टोकं बदलून ठेवला. ट्रॅकच वाकडा असेल, तर आता ट्रॉली उलट्या बाजूला जायला हवी. शेंबडं पोरही सांगेल. ट्रॉली खिडकीकडेच गेली. मग त्यांनी कपाटातून एक लोखंडी गोळी काढली आणि जमिनीवर ठेवून हात सोडला. गोळी टेबलांच्या पायांमधून वाट काढत गेली आणि खिडकीखालच्या भिंतीला टक्कन लागली. या वेळी कोणी हसलं नाही.

त्या भिंतीपलीकडे नव्या इमारतीसाठी खड्डा खणत होते. पंप सारखा पाणी उपसत होता. त्याची घरघर कानांना इतकी सवयीची झाली होती की ती जाणवायचीच नाही; आज मात्र मॅडमना ती पुन्हा ऐकू आली. लॅबच्या बरोबर खाली पाळणाघर होतं, कॉलेजात नोकरी करणाऱ्यांच्या मुलांचं. मॅडमची चिमणी या वेळी तिथे झोपलेली असायची.

त्या तडक विभागप्रमुखांकडे गेल्या. "सर, लॅबची जमीन कललीय."

सरांनी मान वर केली नाही. "प्रयोगात एरर असतेच, मॅडम. काकांच्या हाताखाली कधी रीडिंग चुकलं नाही, आज तुमच्या हाताखाली चुकतंय. यात जमिनीचा काय दोष? पुन्हा लेव्हल करा, पुन्हा रीडिंग घ्या."

नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच म्हणायचं त्यांनी बाकी ठेवलं होतं. मॅडम रागाने लाल झाल्या. पण सरांसमोर बोलायची सवय नव्हती. परत येऊन त्यांनी मुकाट्याने पुठ्ठे घातले. ट्रॉल्या पुन्हा उभ्या राहिल्या. मग त्यांनी काकांना फोन लावला.

"काका, हे पुठ्ठे कधीपासून घालताय?"

काका चाचरले. "आधी महिन्याला एखादा लागायचा, मॅडम. हल्ली रोज लागतो. पोरांची रीडिंग बिघडली की साहेब चिडतात, म्हणून आपलं सकाळीच... का हो, आज नाही घातला?"

"घातला. दुपारी पुन्हा घालावा लागला."



"दुपारी?" काकांनी विचारलं. "रोज एकच पुरायचा हो."

मॅडमनी फोन ठेवला. "दप्तरं राहू द्या. ट्रॉलीला हात लावू नका. मागच्या जिन्याने खाली, सगळे!" त्या आवाजात असं काही होतं की एकानेही का म्हणून विचारलं नाही.

पाळणाघराचं दार उघडेना.

"मेलं सकाळपासून अडतंय," आतून सांभाळणाऱ्या ताई ओरडल्या. "सुताराला निरोप धाडलाय. जरा दम धरा!"

मॅडमनी वर पाहिलं. चौकटीच्या एका कोपऱ्यात बोटभर फट पडली होती आणि दुसरा कोपरा दारात रुतला होता. आतून चिमणीचं रडणं ऐकू आलं. मॅडमचा धीर सुटला, त्या नखांनी दार ओरबाडू लागल्या. मागून आलेली पोरं जमेल तिथे धक्के देऊ लागली. कोणी बिजागरीपाशी, कोणी मध्येच.

"तिथे नाही रे, गाढवांनो! कडीपाशी! वर्षभर काय शिकवलं मी?" मॅडम किंचाळल्या. "सगळे एका बाजूला, एकदम! ताई, मुलं मागे घ्या!"

दार कर्रकन आत गेलं.

मुलं मैदानावर आली. काही झोपेतच होती. चिमणी आईच्या गळ्याला घट्ट बिलगली होती. मॅडम तिच्या केसांत तोंड खुपसून ढसाढसा रडल्या, पोरांसमोर, खुशाल.

एवढ्यात सर तरातरा खाली आले. "काय तमाशा मांडलाय हा? कुठे पडलीय इमारत? ठणठणीत उभी आहे! बॅच वर न्या आधी!"

लॅबच्या खिडक्या उघड्याच राहिल्या होत्या. तिथून चाकांची बारीक खरखर ऐकू आली आणि मग ठक्. पाठोपाठ दुसऱ्या टेबलावरून, तिसऱ्या टेबलावरून. मग सगळ्या ट्रॉल्या एकदमच निघाल्या. वर कोणीसुद्धा नव्हतं.

सर वर बघत राहिले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "मुलीला घेऊन अजून मागे सरका."