सिस्टरबाईंची पेटी

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पेटी आहे. टेंभुर्णीत शिवाजी नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात पडून असते. आता माझ्यात खिळे, दोरीचे तुकडे आणि बैलाची तुटकी वेसण ठेवलेली आहे. पूर्वी माझ्यात कापूस, पट्ट्या, कात्री आणि औषधांच्या बाटल्या असत. दवाखान्यातल्या पेट्यांवर असते तशी लाल फुली माझ्या झाकणावर होती.

रत्नमाला साळवे या परिचारिकेने मला जालन्याच्या बाजारात घेतले. तीस वर्षे दवाखान्यात नोकरी करून ती निवृत्त झाली आणि गावी परतली. सगळे तिला सिस्टरबाई म्हणत. शुगरमुळे ज्यांच्या पायाला जखमा होत, त्यांच्या घरी मला घेऊन ती जाई आणि पट्टी बदलून देई. कुणाकडे पाणीसुद्धा तिने कधी मागितले नाही.

ती ख्रिस्ती होती. दर रविवारी प्रार्थनेसाठी जालन्याला जायची. जखमेला हात लावण्याआधी ती क्षणभर डोळे मिटायची. काय पुटपुटायची ते मलाही ऐकू यायचे नाही.

शिवाजीचा बाप कारभारी याचा पाय टाचेपासून नासला होता. वासामुळे घरचे त्याच्या खोलीत जात नसत. सिस्टरबाई मात्र रोज जाई. दोन महिन्यांत जखम स्वच्छ, भरत आलेली दिसू लागली. मला फार समाधान वाटे.

मग गावात बोलणे सुरू झाले. ती डोळे मिटून मंत्र टाकते, म्हाताऱ्याचा धर्म बदलवते, तिला बाहेरून पैसा येतो. ज्यांच्या पायांना तिने पट्ट्या बांधल्या, तेही हेच बोलू लागले.

एका सकाळी शिवाजीने मला तिच्या हातातून हिसकावून चावडीसमोर उपडे केले. कात्री दगडावर आपटली, बाटल्या फुटल्या. झाकणावरची फुली म्हणजे क्रूसच, असे म्हणत लोकांनी ती एकमेकांना दाखवली. सिस्टरबाई समजावू लागली, पण तिचे कोणी ऐकले नाही. खाटेवर घालून कारभारीला आणले होते. शिवाजीने विचारले, "दादा, हिनं तुम्हाला धरम सोडायला सांगितलं का?"

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग लेकाकडे पाहून त्याने मान हलवली. हो म्हणून.

सिस्टरबाईच्या पदरावर कुणीतरी शेण फेकले. तशीच ती घरी गेली, आणि शिवाजीने मला आपल्या घरी नेले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शिवाजीच्या दारात आली. मला वाटले, मला न्यायला आली असेल. ती म्हणाली, "पेटी नका देऊ. पण दादांची पट्टी आज कुणी बदलली?"

शिवाजीने दार लावून घेतले.

पट्टी कुणीच बदलली नाही. तीन आठवड्यांनी जालन्याच्या दवाखान्यात कारभारीचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. शिवाजीने गावभर सांगितले की सिस्टरबाईच्या औषधानेच पाय सडला. लोकांनी तेही खरे मानले. दुकानदार तिला सामान देईना. आता पीठमीठ घ्यायला ती जाफराबादला जाते.

कारभारीची खाट आता गोठ्यातच आहे, माझ्या शेजारी. त्याची बायको कौसल्या भाकर घेऊन येते. एकदा तो तिला म्हणाला, "तिनं धरमाचं एक अक्षर काढलं न्हाई गं माझ्यासमोर."

कौसल्याने ताट खाली ठेवले. "मंग तवा का न्हाई बोलले?"

"लेकानं घराबाहेर काढलं असतं."

कौसल्याने गोठ्यात सगळीकडे एकवार पाहिले आणि ती निघून गेली.

मित्रांनो, मला कुणी घासूनपुसून ठेवावे, असे मी मागत नाही. पण ज्याने तुमची सेवा केली, त्याला चारचौघांत उभे करून कुणी तुम्हाला विचारले, तर त्या वेळी खरे बोला. नंतर गोठ्यात बोललेले कुणाच्या कामाचे नसते. ते फक्त माझ्यासारखा पत्रा ऐकतो.