पुष्पावतीची नखं

लढाई चालू होती, रॉकेल मिळता मिळत नव्हतं. पण नेवाशाजवळच्या आमच्या गावात चमत्काराला तोटा नव्हता. दगडाबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाटावर त्यांची सून पुष्पावती हात पुढे करून बसली होती, आणि जन्मापासून एकही नख नसलेल्या तिच्या बोटांवर चक्क नखं चमकत होती!

"आमी उगवली!" गहिनीनाथबुवा गरजले. "परातीतल्या राखंत हात दाबलं, मंतर टाकला, फुटली!"

"आन् पायाची?" कुणीतरी विचारलं.

"ती पुढल्या आवसंला. पाय लांब असत्यात, मंतर पोचाया येळ लागतो."

याच बुवांनी दगडाबाईंना सांगितलं होतं, बिननखाच्या सुनेमुळे विहीर आटली. नखं आली नाहीत तर तिला कायमची माहेरी धाडा. नखं आली. अट एकच, हाताला पाणी लागता कामा नये. त्यामुळे सून पाटावर आणि सासू चुलीपुढे, हा दुसरा चमत्कार त्या घरात आठवडाभर चालला होता.

तेवढ्यात मांजर आलं. बुवांकडे ढुंकूनही न पाहता ते पुष्पावतीची बोटं चाटू लागलं. हाकललं, तरी परत आलं.

शाळेतले यशया मास्तर पुढे झाले, वाकून त्यांनी बोटं हुंगली. "दगडाबाई, तुमचं घर माळकरी. मग सुनेच्या हाताला मासळीचा वास कसा?"

"इठ्ठल, इठ्ठल!" दगडाबाईंनी नाकाला पदर लावला.

मास्तरांनी कोमट पाणी मागवलं. "पानी नगं!" बुवा किंचाळले. पण पुष्पावतीने आपणहून हात बुडवले. बाभळीचा डिंक सुटला आणि एकेक नख तळाशी बसलं. प्रवरेतल्या माशांची खवलं होती ती, बेताने कातरलेली! लोकांनी माना वर केल्या, तर बुवा जागेवर नव्हते.

"राखंत चिकटवताना मला कळलंच हुतं, आत्याबाई," पुष्पावती म्हणाली. "पन बोलले असते, तर तुमी मला धाडलं असतं."

दगडाबाईंनी नाकावरचा पदर खाली घेतला.

"एखाद्याला जन्मतःच नखं नसतात," मास्तर म्हणाले. "कधी कधी ते घराण्यातूनच येतं. त्यात शाप कसला? विहीर पाऊस नाही म्हणून आटली. सगळ्या शिवाराच्या विहिरी आटल्या, तेवढ्या सुनांची नखं गेली का?"

दगडाबाईंनी सुनेचे हात पदराने पुसले. "ऊठ बाई. ह्याच हातानं भाकरी थाप. माझ्या कुनी खाईना."

बुवाचा मला राग आला, पण आम्हा गावकऱ्यांचा जास्त आला. ज्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्या, तेच हात आम्हाला अपशकुनी वाटले. चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी हुंगून पाहा, पाणी ओतून पाहा. तेवढं मांजरालाही कळतं.