आईचा लाल ठिपका

बाबांचा जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नल पडद्यावर रेघेत दाखवणारं यंत्र, तंत्रशाळेने घ्यायचं कबूल केलं. अट एकच: माप बरोबर दाखवलं पाहिजे. नाहीतर तो भंगारात जाणार होता. म्हणून रविवारी सकाळी मी तो टेबलावर उघडला.

मी असली यंत्रं तपासूनच पोट भरते, पण बाबांपुढे माझी अक्कल शून्य. "ब्रश उलटा फिरवतेस." "अगं, फुंकू नकोस, थुंकी उडते!" जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस, नाकावर माशी बसू देईल तर शपथ. मी धूळ झाडली, बटणांत क्लीनर मारला, फुगलेले दोन कपॅसिटर बदलले. स्विच लावला. हिरवी रेघ उमटली आणि बाबा चक्क हसले.

चाचणीचा सिग्नल पडद्यावर बरोबर चार घरं उंच हवा होता. भरला साडेतीन.

आतला एक बारीक स्क्रू फिरवला की काम फत्ते. पण तिथेच घोडं पेंड खात होतं. जुळवलेला स्क्रू हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा ठिपका देतात. हा ठिपका आईने दिला होता. बाबा स्क्रूड्रायव्हर धरून बसायचे, आई माप वाचायची, ठिपका द्यायची आणि दर वेळी दम भरायची, "हलू नका हं!" तिला जाऊन दोन वर्षं झाली.

"फोडायचा नाही," बाबा म्हणाले.

"मग भंगारात जाईल."

"जाऊ दे."

मला राग आला आणि लगेच लाजही वाटली. तो ठिपका मलाही फोडवत नव्हता. मी झाकण परत लावायला उचललं.

बाबा रेघेकडे बघत होते. "साडेतीन," ते म्हणाले. "चुकीचं माप तिने एक मिनिट चालवून घेतलं नसतं."

ते उठले आणि कपाटातून आईची तीच बाटली घेऊन आले. नेलपॉलिश घट्ट झालं होतं. त्यात त्यांनी थिनरचे दोन थेंब टाकले.

"स्क्रू तू धर. माझा हात थरथरतो."

मी प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर लावला. ठिपका टचकन तुटला. रेघ चढत चढत चारावर आली. बाबांनी दोन्ही हातांनी तो इवलासा ब्रश धरला. निम्मा थेंब स्क्रूवर पडला, निम्मा माझ्या अंगठ्यावर.

"हलू नकोस हं!" ते म्हणाले, अगदी आईच्या सुरात.

ठिपका वाळायला पाच मिनिटं लागतात. आम्ही दोघंही त्यानंतर बराच वेळ हललो नाही.