अकरा सेकंद

व्होल्टमीटरचा काटा दोनशे तीसवरून थेट शून्यावर पडत नाही. चाळीसच्या आसपास क्षणभर थरथरतो. इतक्या वर्षांत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. वीज गेली होती. आता मागच्या ओट्यावरचा जनरेटर सुरू होणार, वेग धरणार, मग भिंतीवरच्या पेटीतला स्विच बाहेरची लाइन तोडून घर त्याच्यावर घेणार. सगळं मिळून अकरा सेकंद.

एक... दोन...

मोजायची आई. प्राणवायूचं यंत्र बंद पडून केकाटायला लागलं, की हिचा हात धरून मोठ्यानं – "तू गप्प बस गं, तुझे आकडे घाईचे असतात." जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी लेक मग गप्प. सुरुवातीला एका दमात अकरा. पुढे नऊ. मग सात, थांबून श्वास, आठ... जनरेटरला मात्र नेहमी अकराच सेकंद लागत – आणि शेवटी शेवटी ते किती लांब झाले होते!

दिवे लागले. तपासणीला आलेले मेकॅनिक हात पुसत मागच्या दारातून आत आले.

"ताई, काजळी धरलीय. भारच नाही त्याच्यावर. दोन दिवे न् एक पंखा! डिझेल पुरतं जळत नाही. बसून खाणाऱ्या जावयासारखं झालंय त्याचं."

"वीज गेली की इस्त्री लावते ना मी. आईच्या खोलीत."

"कपड्यांना?"

आई गेल्यापासून दोन वर्षं ती इस्त्री यंत्राच्या प्लगवर नुसतीच तापत होती.

"त्या मास्तरांनी परवा परत विचारलं, जनरेटर देता का म्हणून," ते हळूच म्हणाले. "त्यांच्या बायकोला तुमच्या आईंसारखंच प्राणवायूचं यंत्र लागतं. वीज गेली की सिलिंडर उघडत बसतात बिचारे. तुम्ही दोनदा 'बघू' म्हणालात..."

बघू – तिसऱ्यांदाही तो शब्द जिभेवर तयारच होता. आईचा आवाज आता तिला फक्त या अकरा सेकंदांतच स्वच्छ ऐकू यायचा. फोटोत नाही, स्वप्नात नाही. जनरेटर गेला तर वीज जाईल, आणि नुसता अंधार होईल... पण जनरेटर घेण्याआधीची सिलिंडरची ती घट्ट चावी, घामानं निसटणारी बोटं, आणि पलंगावरून आपल्याकडे लागलेले डोळे – तेही तिला पाठ होतं. मास्तर किती मोजत असतील?

"बंद करा तो," ती म्हणाली.

"अजून वीज आली नाही, ताई."

"असू दे. आजच न्या त्यांच्याकडे."