पायाने चालवायचं लेसर

आईच्या उजव्या मनगटाला डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि महिनाभर या हाताने काही करायचं नाही असं बजावलं, तेव्हा दवाखान्यातच मी म्हणाले, “मग काय झालं? पाय आहेत की!”

डॉक्टर हसले. आई हसली नाही. तिने डाव्या हाताने पर्सची चेन लावायला घेतली, ती अर्ध्यात अडकली, तशीच ठेवून म्हणाली, “चल.”

आता आईचं काम सांगते, म्हणजे हे पायांचं प्रकरण कळेल. आई लेसर शो चालवते. मोठ्या हॉलमध्ये काळोख करून गाण्याच्या तालावर हिरव्या-निळ्या रेषा नाचवतात ना, त्या. मशीनं मामाची, म्हणजे तिच्या मोठ्या भावाची; हात तिचे. समोर लॅपटॉपवर शोचं सॉफ्टवेअर, शेजारी कंट्रोलर: बटणांच्या रांगा आणि वरखाली सरकवायच्या पट्ट्या. एका बटणाने रेषांचा पंखा उघडतो, दुसऱ्याने बोगदा होतो, पट्टी वर नेली की उजेड वाढतो. लोक वर बघून “आहाहा” करतात. आई वर बघतच नाही. ती लोकांच्या डोक्यांकडे बघत असते. रेष डोळ्यात गेली तर डोळा जायची भीती, म्हणून कुणी खुर्चीवर चढलं, कुणी हात उंच करून फोन धरला, की त्या क्षणी तिने अंधार करायचा. शो संपेपर्यंत तिचं एक बोट अंधाराच्या बटणावर टेकलेलंच. इतकी वर्षं. त्या हाताने शेवटी संप केला.

संध्याकाळी मामा घरी आला. मनगट पाहून “अरेरे” म्हणाला आणि लगेच मुद्द्यावर आला.

“छोटे, शनिवारी हॉलचा कार्यक्रम आहे. तू नाहीस तर मला दुसरा माणूस ठेवावा लागेल. आणि एकदा तो त्या खुर्चीत बसला की उठतोय कशाला? तुझी जागा गेलीच समज.”

“बघू,” आई म्हणाली.

“बघू काय? मामा, आई करेल शो!” मी म्हणाले.

गेल्या वर्षीपर्यंत मी मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालत नसे. वर्गातसुद्धा उत्तर येत असलं तरी हात वर जायचा नाही. यंदा शाळेतला बंद पडलेला प्रोजेक्टर मी चालू करून दाखवला, बाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि तेव्हापासून उचलली जीभ लावली टाळ्याला. असं आई म्हणते. मला विचाराल तर फार छान वाटतं.

“तुझ्या सॉफ्टवेअरला हात कळतच नाही मामा. त्याला फक्त आकडे कळतात. बटण दाबलं की कंट्रोलर एक आकडा पाठवतो, पट्टी सरकवली की शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत आकडे जातात. त्यालाच मिडी म्हणतात. ते आकडे बोटाने पाठवले काय नि बुटाने पाठवले काय!”

“बुटाने?”

“बुटाने, वजनकाट्याने, गेमच्या रिमोटने, कशानेही.”

“आवरा हिला कुणीतरी,” मामा म्हणाला, पण खुर्ची पुढे ओढून बसला. “बरं, कर बघू.”

आई स्वयंपाकघरात जाऊन डाव्या हाताने भांडी विसळू लागली. बाबा कामाच्या पाळीवर होते. मी “राहू दे, मी करते” म्हणाले आणि लगेच विसरले, कारण डोक्यात तोवर माळा उघडला होता.

माळ्यावर माझी लहानपणची डान्स मॅट होती, उड्या मारायचे चौकोन असलेली. मामेभावाकडून गाडीच्या गेमचं पेडल आणलं. मॅट आणि पेडल लॅपटॉपला जोडली, त्यांचे आकडे मिडीत बदलणारा एक छोटा प्रोग्रॅम मध्ये बसवला. मग सॉफ्टवेअरला शिकवायचं: पडद्यावरच्या पंख्यावर क्लिक करायचं आणि मॅटचा चौकोन दाबायचा. झालं, त्या दोघांचं लग्न लागलं. असे आठही चौकोन उजवले. पेडल म्हणजे उजेड.

पहिल्यांदा पेडल उलटं निघालं. दाबलं की अंधार, सोडलं की लख्ख. मला ते बरंच वाटलं.

“हे बघ आई, पाय उचलून ठेवायचा, दमायचं कामच नाही!”

“उलटं कर ते,” आई म्हणाली. “माणूस कोसळला तर पाय सुटतो. पाय सुटला की अंधारच झाला पाहिजे.”

“कोण कोसळतंय?”

“कोसळतं कुणीतरी,” ती म्हणाली आणि खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं.

मी उलटं केलं. रोज शाळा सुटली की तिला लॅपटॉपसमोर बसवायचं, पाय मॅटवर, सराव. खरे लेसर नाहीत, पडद्यावरच्या नुसत्या रेषा. आई सांगेन ते करायची. डावीकडचा चौकोन म्हटलं की डावीकडचा. एकदा मी पाणी प्यायला उठले आणि परत आले तर ती झोपलेली. पाय तसाच पेडलवर, पडद्यावर बोगदा निम्म्या उजेडात आपला फिरतोय. मी मामाला फोन केला.

“मामा, इतकं आरामाचं झालंय की आईला झोपच लागली!”

मामा खूप हसला. मग मी पेडलची स्प्रिंग कडक केली, म्हणजे झोपेत ते दाबलेलं राहायला नको.

शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये रंगीत तालीम. रिकाम्या खुर्च्या, धुराचं मशीन फुसफुसतंय, मागच्या भिंतीशी शिडी लावून एक माणूस पडदा बांधतोय. आईने बूट-मोजे काढून पाय मॅटवर ठेवले. मामाने गाणं लावलं, दिवे घालवले.

आणि काय सांगू! पंखा उघडला, मिटला, बोगदा झाला. उजेड असा श्वासासारखा वर चढत होता की सरकपट्टीने तो तसा कधीच चढला नसता, कारण बोट झटका देतं आणि पाऊल देत नाही. मी टाळ्या वाजवत होते. मामा तोंड उघडं टाकून वर बघत होता. आई बघत होती मागच्या भिंतीकडे. शिडीवरचा माणूस आणखी एक पायरी चढला.

खट्. आईने पेडल सोडलं. काळाकुट्ट अंधार.

“अहो, दिवे! पडलो असतो ना मी!” शिडीवाला ओरडला.

“पडला असतात तर हाड बसवता आलं असतं,” आई अंधारातून म्हणाली. “डोळा नसता बसवता आला. खाली उतरा आधी.”

मामाने दिवे लावले. त्याच्या अंगात आलं होतं.

“काय पाय आहे! हातापेक्षा जलद! छोटे, उद्याचं पक्कं. पुढच्या आठवड्यात दोन ठिकाणी नाही म्हणणार होतो, त्यांनाही हो सांगतो. आणि हात बरा झाला की बघच. हात या मशीनवर, पाय त्या मशीनवर. एका बाईत दोन शो!”

“मान राहिलीय अजून!” मी ओरडले. “टोपीला सेन्सर लावला की मान वळेल तशी रेष वळते. आणि फुंकरीनेसुद्धा करता येतं, नुसता श्वास सोडायचा आणि...”

“हात झाला,” आई म्हणाली.

आवाज चढला नव्हता, पण मी थांबले.

“हात झाला. पाय झाले. मान झाली, श्वास झाला. मग माझ्याकडे काय राहिलं, ते सांग मला.”

“अगं, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं,” मामा म्हणाला. “तुझी जागा जाऊ नये म्हणून पोरगी मरमर मरतेय.”

“दादा, जागा जाईल म्हणालास तेव्हा मी बघू म्हणाले. जाऊ देऊ नकोस असं म्हणाले का?” ती वाकून डाव्या हाताने पोटरी चोळायला लागली. “डॉक्टर महिनाभर काही करू नको म्हणाले ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. इतकं, की तिथेच आडवं व्हावं. तेवढ्यात हिच्या तोंडून पाय निघाले.”

 मामा माझ्याकडे वळला, गोड आवाजात.

“इंजिनिअरबाई, तू समजाव. तुझं ऐकते ती. उद्या अख्खा हॉल तुझी करामत बघणार आहे.”

मला समजावता आलं असतं. मुद्दे तयार होते: फक्त उद्याचा दिवस, फक्त पाय, बसूनच तर करायचंय. आणि मला तो शो हवा होता, अगदी जीव जाईल इतका हवा होता. असलं काही मी याआधी कधी केलं नव्हतं, आणि लोकांनी वर बघून “आहाहा” करावं आणि ते माझं असावं, असं कुणाला वाटणार नाही? मी आईकडे बघितलं. ती पोटरी चोळतच होती. मी समजावलं असतं तर ती “बरं” म्हणाली असती. ते तिच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ दिसत होतं की मला भीतीच वाटली.

मी लॅपटॉपमधून दोन्ही वायरी ओढून काढल्या.

“हे उद्या चालणार नाही मामा.”

“का? आत्ता तर चाललं.”

“मी लावून देणार नाही म्हणून.”

“वा! मामालाच टोपी?”

“तू दुसरा माणूस बोलाव. त्याला दोन हात असतील.”

“आणि तो एकदा खुर्चीत बसला की...”

“बसू दे,” मी म्हणाले. 

मामा पुटपुटत फोन लावायला बाहेर गेला. मी मॅटची गुंडाळी केली. आई एका हाताने मोजा चढवत होती. तो टाचेपाशी अडकला होता. मी खाली बसून चढवला. ती डोळे मिटून बसून राहिली, आणि शिडीवाला विचारत राहिला, “आता चढू का? ओ ताई, आता तरी चढू का?”

शनिवारी सकाळी फोन वाजला. मीच उचलला.

“छोटीला दे,” मामा म्हणाला. त्याचा राग उतरला नव्हता. “हा नवा माणूस विचारतोय, मागच्या बाजूला रेष किती उंच धरायची.”

“आई झोपलीय.”

“या वेळेला?”

“हो, या वेळेला.”

“उठव की मग! दोन मिनिटांचं काम.”

“नाही उठवणार. त्याला म्हणावं टेप घे आणि मोज.”

फोन ठेवला तर पलीकडच्या खोलीतून आवाज आला. मी डोकावले तर आईचे डोळे मिटलेलेच होते, पट्टा बांधलेला हात उशीवर.

“खुर्च्या धरून मोजू नको म्हणावं,” ती म्हणाली. “मागे दाराशी लोक उभे राहतात. त्यांची डोकी धरून मोज म्हणावं.”

आणि भिंतीकडे कूस करून पुन्हा झोपली. मी मामाला तेवढा निरोप कळवला आणि फोन बंद करून टाकला.