दाराचं वल्हं

"वादळ येतंय म्हटल्यावर जगातली माणसं दारं लावून घेतात. आणि तुम्ही काढताय?"

बायकोनं विचारलं. तोंडात खिळे धरून आडमुठ्या घराच्या दाराची डावी फळी बिजागरीतून उपटत होता. आईबापांनी त्याचं नाव चांगलं ठेवलं होतं, पण गावानं आडमुठ्या म्हणायला सुरुवात केल्यापासून ते नाव फक्त बायकोला आठवायचं. तेही ती रागात नसेल तेव्हा. आज ते आठवायची काही शक्यता नव्हती.

भांडणाचं मूळ होतं जाळं. बायकोनं सगळा उन्हाळा मान मोडून विणलेलं नवंकोरं जाळं त्यानं आदल्या दिवशी खाडीच्या तोंडाशी लावून ठेवलं होतं. सकाळी उठून बघतो तर आभाळ काळंठिक्कर, वारा उलटा फिरलेला, आणि पाखरं किनारा सोडून पळालेली. सगळ्यांनी होड्या वर ओढल्या आणि रीतीप्रमाणे एकेक वल्हं आत्याबाईच्या घरी नेऊन टाकलं. त्यानंही टाकलं. जाळ्याची आठवण त्याला परत येताना झाली.

गावाची ही रीत आत्याबाईनंच घातलेली. वादळाची चिन्हं दिसली की प्रत्येक होडीचं एक वल्हं तिच्याकडे जमा, आणि त्या ढिगावर ती खाट टाकून बसणार. उरलेलं वल्हं कुणी कुणाला उसनं द्यायचं नाही. एका वल्ह्यानं होडी नुसती गोल गोल फिरते, आणि गोल फिरणारा माणूस बुडायच्या आधी लाजेनं परत येतो, असं तिचं म्हणणं होतं. ढिगाच्या तळाशी एक जुनं, पांढरं पडलेलं वल्हं कायमचं होतं. तिचा नवरा अशाच वाऱ्यात दोन्ही वल्ही घेऊन गेला होता. त्यातलं तेवढंच परत आलं.

आडमुठ्या आधी तिच्याकडेच गेला होता.

"आत्याबाई, तेवढं माझं वल्हं द्या. हा गेलो आणि हा आलो."

"तेही असंच म्हणाले होते," आत्याबाई म्हणाली आणि खाटेवर पाय पसरून आडवी झाली.

मग तो सुताराकडे गेला. गावातल्या होड्या सुताराच्या हातच्या, दारंही त्याच्याच हातची. "एक वल्हं तासून दे," आडमुठ्यानं म्हटलं.

"मी नाही देत. एवढी खाज असेल तर घराचं दार काढ आणि वल्हव."

सुतार बोलायला बोलून गेला. चेष्टा कुणाशी करावी याला काही धरबंध असतो, तो त्याला राहिला नाही. आडमुठ्याचे डोळे चमकले आणि तो तडक घरी निघून आला.

"अहो, जाळं गेलं तर मी दुसरं विणीन," बायको आता रडकुंडीला आली. "शिर सलामत तर पगडी पचास. तुम्हाला कुठून विणून आणू?"

"उन्हाळाभर तुझी मान दुखत होती. मी बघितलीय," तो म्हणाला. एवढं एकच गोड वाक्य वर्षभरात बोलला, आणि तेही दार खांद्यावर घेऊन चालता चालता. त्यामुळे तिला धड रागावताही येईना.

किनाऱ्यावर गाव जमलं. होडी पाण्यात गेली. एका बाजूला वल्हं, दुसऱ्या बाजूला दार. दार रुंद, वल्हं अरुंद, तेव्हा होडी फिरायला लागली ती उलट्या अंगानं. आडमुठ्यानं दार उचललं की वारा त्यात भरायचा आणि होडी मागे जायची. पाण्यात घातलं की ती गोल जायची. पुढे जायचं तेवढं राहून गेलं.

"आडवं धर, आडवं!" सुतार ओरडला.

"तू त्याला शिकवतोस कशाला?" बायको कडाडली.

"वहिनी, लोक म्हणतील दार वाईट होतं! पोटच्या पोरासारखं घडवलंय मी ते!"

तेवढ्यात खाडीच्या तोंडाशी पाणी उभं राहिलं. घराएवढं. हसणारी माणसं चार पावलं मागे सरली. लाटेनं दार आडमुठ्याच्या हातातून सहज काढून घेतलं, होडी पालथी केली आणि त्याला गळ्याएवढ्या पाण्यात आणून आपटलं. पुरुषांनी एकमेकांचे हात धरून साखळी केली. सगळ्यात पुढे सुतार होता. त्यानं आडमुठ्याला केसाला धरून बाहेर ओढलं आणि वाळूवर टाकून एक थोबाडीत दिली.

घरी आल्यावर खरी गंमत. अर्ध्या दारातून वारा आत घुसला होता आणि छपराचे पत्रे वर उठून थडाथडा आपटत होते. खाट उभी केली, ती उडाली. पेटी लावली, ती सरकली. शेवटी आडमुठ्या स्वतःच त्या मोकळ्या जागेत उभा राहिला. पाठ बाहेर, तोंड आत, दोन्ही हात चौकटीला. ती अर्धी जागा त्याच्या मापाचीच होती. पावसाचे फटके पाठीवर बसत होते.

"अगं," बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "हा नुसता वारा आहे."

"हो."

"समुद्र अजून तिकडेच आहे."

"हो."

"आणि मी तिकडे निघालो होतो."

बायकोनं त्याचं तोंड पदरानं पुसलं. त्यात पाऊस किती आणि बाकीचं किती, हे तिनं बघितलं नाही.

वादळ सरल्यावर होडी सापडली, दार सापडलं. "बघा, फुगलंसुद्धा नाही!" म्हणत सुतार ते गावभर दाखवत फिरला. जाळं मात्र गेलं ते गेलंच. बायको पुन्हा सूत घेऊन बसली.

पुढच्या वेळी आभाळ काळं झालं तेव्हा आत्याबाईच्या घरी सगळ्यांच्या आधी आडमुठ्या हजर. खांद्यावर वल्हं आणि पाठीवर दाराची फळी.

"हे रे कशाला?" आत्याबाईनं विचारलं.

"ठेवून घ्या. घरात राहिलं तर माझा मला भरवसा नाही."

"आणि घरात वारा शिरेल तो?"

"तिथं मी उभा राहीन. आता सवय झालीय."

लोक पोट धरधरून हसले. आत्याबाई हसली नाही. तिनं खाट बाजूला केली, ते दार त्या जुन्या पांढऱ्या वल्ह्याशेजारी नीट निजवलं आणि खाट पुन्हा वर ओढून घेतली.

बायको घरी गेली आणि दाराच्या मोकळ्या जागेत तिनं एक स्टूल नेऊन ठेवलं. मागच्या वेळी उभं राहून त्याचे पाय फार दुखले होते.