चार बोटं माया

उमाशंकर टेलरनं शिवलेल्या पँटी घालून नांदेडात किती नवरदेव बोहल्यावर चढले, मोजदाद नाही. मागच्या शिवणीत चार बोटं माया ठेवायची, हा त्याचा नेम. उद्या माणूस सुटला तर ते आत दुमडलेलं जादा कापड उसवून पँट सैल करता यावी. फक्त पोटच्या पोराच्या, अमरनाथच्या पँटीत त्यानं कधी सूतभर माया ठेवली नाही. "दाटू दे! तवा तरी तोंड आवरील," म्हणायचा. भर दुकानात टेप लावून आकडा ओरडायचा. बेचाळीस! अरे, बत्तीस व्हायला काय धाड भरली? लोक हसायचे, पोरगं खाली बघायचं.

लग्न झालं अन् अमरनाथ लातूरला गेला. फोनवर "बरं हाय" एवढंच. कपडे रेडिमेड घेऊ लागला.

तो जायच्या आधी कॉलेजातल्या देविका मॅडमनी लठ्ठपणाच्या अभ्यासासाठी दोघा बापलेकांचं रक्त नेलं होतं. परवा त्या दुकानात आल्या.

"काका, वजन वाढायची ओढ अमरनाथच्या रक्तातच आहे. भूक जास्त, पोट भरल्याचं उशिरा कळतं. सगळं जीनवर नसतं, पण तोंड आवरणं त्याला तुमच्याहून फार जड गेलं असणार."

"अन् आलं कुठून हे?"

"अर्धं आईकडून, अर्धं तुमच्याकडून."

मॅडम गेल्या. उमाशंकर मशीनवर डोकं टेकून रडला. आपणच दिलं अन् आपणच हिणवलं की हो! त्याच दुपारी त्यानं अंदाजानं चव्वेचाळीसची पँट कापली, चार बोटं माया ठेवून शिवली, अन् सकाळी लातूरची बस धरली.

दार सुनेनं, सुकन्यानं उघडलं. आत बाजेवर कुणी वाळकं माणूस पडलेलं. उमाशंकरला आधी कळेचना.

"किडन्या गेल्या, आप्पा," अमरनाथ म्हणाला. "वजन उतरायची पावडर खाल्ली, कुणाला न इचारता. तुम्हाला एकदा बत्तीस करून दाखवायचं होतं."

सुकन्याच्या आधारानं तो उठला. बापानं पुढं केलेली पँट पायजम्यावरूनच चढवली. सोडली तशी ती घसरून पायाशी पडली.

"लई माया ठेवली की, आप्पा," तो हसला. "लावा टेप. सांगा आकडा."

उमाशंकरनं टेप लावला. तीसवर बोट थांबलं.

"बेचाळीस," तो म्हणाला, अन् पोराच्या कमरेला मिठी मारून ढसाढसा रडला.